कोल्हापूर महापालिकेत गल्लीचे काम मार्गी कसे लावावे: विभागीय कार्यालयापासून स्थायी समितीच्या ठरावापर्यंत

कोल्हापुरात गल्लीतले गटार तुंबले की पहिला फोन नगरसेवकाला जातो. मग तालमीच्या कट्ट्यावर चर्चा होते आणि चार दिवसांनी पंधरा-वीस जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन थेट आयुक्तांच्या दालनात पोहोचते. निवेदन देतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापूनही येते, मात्र गटार पुढच्या पावसाळ्यातही तसेच तुंबते. याचे कारण बहुतेक वेळा कोणाची दुष्ट बुद्धी हे नसून, ज्या टेबलावर त्या गटाराचा निर्णय होतो तेथे आपला कागद पोहोचलेलाच नसतो, हे असते. महापालिकेतील समित्या, त्यांचे अधिकार आणि त्यांच्यापुढे विषय जाण्याची वाट एकदा समजून घेतली, तर हा कागद योग्य जागी कसा न्यावा हे कळते. पुढील मांडणी त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून जयंती नाल्यालगतची एखादी कॉलनी डोळ्यांसमोर धरू. तिला तीनशे फूट लांबीचे बांधीव गटार आणि रस्त्याखालून पाणी काढणारी मोरी हवी आहे.

आधी हद्द पाहा

हा मुद्दा प्राथमिक वाटेल, परंतु कोल्हापुरात तोच सर्वाधिक चुकतो. नगरपालिका १२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. त्यानंतर शहर चारही दिशांना पसरले, पण हद्द मात्र वाढली नाही. परिणामी पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, शिंगणापूर येथील अनेक वसाहती रोजच्या व्यवहारात शहरातच असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या ग्रामपंचायतीत आहेत. तेथील गटाराचा विषय ग्रामसभा, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या वाटेने जातो. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नेमलेले प्राधिकरण नियोजन आणि बांधकाम परवानगी पाहते, ते गटारे साफ करीत नाही.

आपण कोठे आहोत हे ठरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे घरफाळ्याची पावती. ती महापालिकेची असेल तर तिच्यावरून आपले विभागीय कार्यालयही कळते. शहरात गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. आपले कार्यालय कोणते हे नक्की झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

हद्दीइतकाच दुसरा प्रश्न मालकीचा. शहरात घडणारी प्रत्येक गोष्ट महापालिकेची नसते. अंबाबाई मंदिराचे व्यवस्थापन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीचे मोजमाप, म्हणजे ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांची नोंद, पाटबंधारे खाते ठेवते. विजेच्या खांबावरचा दिवा महापालिकेचा असला तरी रोहित्र महावितरणचे असते. शहरातून जाणारे काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा राष्ट्रीय महामार्गाचे आहेत. आपल्या कॉलनीची मोरी अशा रस्त्याखालून जात असेल, तर महापालिकेने होकार दिल्यानंतरही त्या खात्याची परवानगी लागते आणि काम तेथे वर्षभर अडकू शकते. म्हणून रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे कनिष्ठ अभियंत्यांना पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

निर्णय कोण घेते

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा या सर्व कारभाराचा पाया आहे. पूर्वी त्याच्या नावात महाराष्ट्राऐवजी 'मुंबई प्रांतिक' असे होते आणि जुन्या ठरावांत तो उल्लेख आजही दिसतो. या कायद्याने अधिकार तीन मुख्य जागी वाटले आहेत. सर्व नगरसेवकांची महासभा धोरण ठरवते, अंदाजपत्रक मंजूर करते, कर आणि दर ठरवते. सोळा सदस्यांची स्थायी समिती पैशांवर लक्ष ठेवते आणि आयुक्तांच्या अधिकाराच्या मर्यादेपलीकडील कंत्राटांना मंजुरी देते. अंमलबजावणी मात्र आयुक्तांची. महापौर महासभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, शहराचे प्रथम नागरिक असतात, परंतु गटाराची वर्क ऑर्डर, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी कार्यादेश, काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. महापौरांच्या सहीचे शिफारसपत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे मानणारे अजूनही पुष्कळ आहेत. ते पत्र उपयोगी असते, पण फाइलीत लावण्यापुरतेच.

स्थायी समितीचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात आणि सभापतीही वर्षासाठीच निवडला जातो. त्यातच कोल्हापुरात पदे आघाडीतील गटांमध्ये काही महिन्यांच्या बोलीवर वाटून घेण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे ज्या सभापतींनी आपला प्रश्न समजून घेतला ते प्रस्ताव येईपर्यंत पदावर असतीलच असे नाही. व्यक्तीवर भिस्त ठेवण्यापेक्षा कागदावर नोंद करून घेणे यासाठीच महत्त्वाचे ठरते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. मागील सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, पाच वर्षांहून अधिक काळ, शहरात प्रशासक होते. या काळात महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती होते. तेव्हाचे निर्णय समित्यांच्या इतिवृत्तात नव्हे, तर प्रशासकांच्या ठरावांत सापडतात. आपल्या कॉलनीचे काम २०२२ मध्ये 'मंजूर झाले होते' असे कोणी सांगत असेल, तर शोध तेथे घ्यावा.

समितीपर्यंत जाणारे आणि न जाणारे विषय

तुंबलेले गटार उपसणे, फुटलेले झाकण बदलणे, बंद दिवा सुरू करणे, पाण्याची गळती काढणे ही देखभालीची कामे आहेत. त्यांना कोणत्याही समितीची मंजुरी लागत नाही. त्यासाठी विभागीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षक, ड्रेनेज विभाग किंवा पाणीपुरवठा विभागाचे कनिष्ठ अभियंता यांच्याकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घेतला की पुरते. अशा तक्रारीसाठी महासभेत प्रश्न विचारायला लावणे म्हणजे खिळा ठोकायला घण आणण्यासारखे आहे.

नवीन काम मात्र वेगळे. आपले तीनशे फुटांचे गटार नवीन आहे, म्हणून त्याला अंदाजपत्रकात तरतूद हवी, तांत्रिक मान्यता हवी, प्रशासकीय मान्यता हवी, निविदा हवी आणि रकमेनुसार स्थायी समितीची मंजुरी हवी. याहून वेगळा तिसरा वर्ग म्हणजे ज्यांचा निर्णय महासभेतच होऊ शकतो असे विषय: चौकाला नाव देणे, महापालिकेची जागा भाड्याने देणे, विकास आराखड्यातील आरक्षण बदलणे. आरक्षण बदलाचा प्रस्ताव महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जातो. त्यात हरकती व सूचना मागविण्याची जाहीर नोटीस निघते आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. कॉलनीलगतचे बागेचे आरक्षण उठवले जात आहे अशी कुजबूज कानी आली, तर त्या नोटिशीतील मुदत संपण्यापूर्वी लेखी हरकत नोंदवणे हे एकच काम खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. मुदतीनंतरच्या मोर्चाने फाइलीत काही बदल होत नाही.

अर्ज लिहिताना

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आमच्या मंडळाने पहिल्या वर्षी केलेली चूक याच टप्प्यावरची होती. आम्ही एकाच निवेदनात गटार, पथदिवे, मोकाट कुत्री आणि खुल्या जागेवरील अतिक्रमण असे चार विषय घातले, खाली साठ सह्या घेतल्या आणि समाधानाने घरी आलो. चार विभागांचा विषय असलेला कागद शेवटी कोणत्याच विभागाचा राहिला नाही. एका अर्जात एकच विषय असावा, हा नियम आम्ही तेव्हापासून मोडलेला नाही.

अर्ज आयुक्तांच्या नावे असावा, प्रत विभागीय कार्यालयाच्या उपशहर अभियंत्यांना आणि प्रभागातील नगरसेवकांना द्यावी. विषयाच्या ओळीत जागा अचूक असावी. 'आमच्या भागातील गटाराबाबत' असे न लिहिता 'अमुक कॉलनी, प्लॉट क्रमांक १२ ते २७ समोरील पूर्व बाजूस सुमारे ३०० फूट लांबीचे आर.सी.सी. गटार व नाल्याकडे जाणारी मोरी नव्याने बांधण्याबाबत' असे लिहावे. मजकुरात तीन गोष्टी याव्यात: सध्या पाणी कोठून येते आणि कोठे साचते, कोणत्या वर्षी किती घरांत पाणी शिरले, आणि पाणी नाल्यापर्यंत नेण्यास जागा उपलब्ध आहे का. शेवटची बाब बहुतेक अर्जांत नसते आणि अभियंत्याला नेमकी तीच हवी असते, कारण गटार एखाद्याच्या खासगी प्लॉटमधून न्यायचे असेल तर संमतीपत्राशिवाय एस्टिमेट, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, होतच नाही. मंजूर ले-आउटची प्रत जोडता आली तर उत्तम. रस्ता आणि खुली जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे की नाही, याचा उलगडा तिच्यावरून होतो. जुन्या सोसायट्यांत ही हस्तांतरणाची बाब राहून गेलेली असते, आणि खासगी रस्त्यावर सार्वजनिक पैसा कसा खर्चायचा, असा लेखापरीक्षणाचा शेरा पुढे येऊ शकतो.

आवक-जावक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. साहेबांच्या हातात दिलेला आणि आवक क्रमांक नसलेला अर्ज हा कागद नसून केवळ भेट असते.

प्रभागातील चार नगरसेवक

२०२६ ची निवडणूक बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीने झाली. ८१ जागा २० प्रभागांत विभागल्या असून एका प्रभागाचा अपवाद वगळता प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक आहेत. याचा तोटा उघड आहे: प्रत्येकाला हे काम दुसऱ्याचे वाटू शकते. फायदा मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. चौघांपैकी कोणी स्थायी समितीवर असेल, कोणी प्रभाग समितीचा सभापती असेल, कोणी विरोधी बाकांवर असेल. कॉलनीने पक्ष न पाहता चौघांनाही एकाच मजकुराचे पत्र द्यावे आणि शक्य तर चौघांच्या सह्यांचे एकत्रित मागणीपत्र विभागीय कार्यालयाला जावे. ज्या नगरसेवकाचे आपण मतदार नाही असे समजून त्याला टाळले, तोच पुढे स्थायी समितीत आपल्या विषयावर 'स्थळपाहणी व्हावी' असे म्हणून तो पुढील मीटिंगला ढकलू शकतो.

प्रभाग समिती

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास असल्याने ही तरतूद येथे लागू होते. अधिनियमाच्या कलम २९अ नुसार या समितीत त्या क्षेत्रातील नगरसेवक, विभागाचा प्रमुख अधिकारी आणि सामाजिक संस्थांतून निवडलेले तीनपर्यंत नागरिक सदस्य असतात. नागरिकाला समितीत बसण्याची मुभा असलेली महापालिकेतील ही मोजक्या जागांपैकी एक जागा आहे. असे असूनही या तीन जागांसाठी आपल्याकडे संस्थांची चढाओढ दिसत नाही, आणि माझ्या मते शहरातील नागरी संघटनांनी सर्वाधिक दुर्लक्षिलेली संधी हीच आहे.

प्रभाग समितीपुढे तक्रारींचा निपटारा आणि विभागातील छोट्या कामांचे प्रस्ताव येतात, तसेच विभागासाठी अंदाजपत्रकात काय असावे याची शिफारस करण्याचे काम तिच्याकडे असते. आपले गटार या शिफारशींच्या यादीत आले, तर पुढचा प्रवास निम्म्याने सोपा होतो.

एस्टिमेट आणि लेखाशीर्ष

अर्जानंतर कनिष्ठ अभियंता स्थळपाहणी करून मोजमाप घेतात आणि शासनाच्या दरसूचीनुसार एस्टिमेट तयार करतात. पाहणीच्या वेळी कॉलनीतील दोन जाणत्या व्यक्ती हजर असाव्यात. पावसात पाणी कोणत्या घराच्या पायरीपर्यंत चढते, हे डिसेंबरच्या कोरड्या उन्हात अभियंत्यांना दिसणार नाही. पावसाळ्यात काढलेली, तारीख दिसणारी छायाचित्रे येथे कामी येतात. उतार उलटा पडू नये याची चर्चाही याच वेळी करावी. उलट्या उताराचे गटार बांधून झाल्यावर ते दुरुस्त करणे हे नवीन काम ठरते आणि सारी वारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

एस्टिमेट झाले म्हणजे पैसे आले असे नव्हे. ते काम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या सदराखाली, बसते, हा कळीचा प्रश्न आहे. महसुली खर्च की भांडवली, महापालिकेचा स्वनिधी की नगरसेवकांच्या शिफारशीचा निधी, शासनाचे अनुदान की जिल्हा नियोजन समितीतून आलेला पैसा, यांवर मंजुरीची वाट बदलते. काही लेखाशीर्षांपुढे नाममात्र रक्कम दाखवलेली असते. तिला टोकन तरतूद म्हणतात आणि तिचा अर्थ 'विषय मान्य, पैसे नंतर' असा असतो. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपल्या कामासमोर अशी टोकन तरतूद दिसली, तर आनंद आवरावा.

वेळेचे भान येथे निर्णायक असते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यासाठीच्या मागण्या विभागांकडून हिवाळ्यातच गोळा होऊ लागतात, आयुक्त आपले अंदाज स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यांत फेरफार करून ते महासभेकडे पाठवते आणि महासभा ते मंजूर करते. फेब्रुवारीत पोहोचलेल्या अर्जाला जागा मिळणे कठीण जाते. म्हणून दसरा चौकातील सोने लुटून झाले की दिवाळीपूर्वी अर्ज देण्याची सवय कॉलनीने लावून घ्यावी. त्या सुमारास पावसाळा नुकताच सरलेला असल्याने साचलेल्या पाण्याच्या आठवणीही ताज्या असतात.

विषयपत्रिका आणि सभा

सभेपुढील विषयांची यादी नगरसचिव कार्यालय काढते. तिच्यात दोन प्रकारचे विषय ठळकपणे दिसतात. प्रशासनाकडून आलेला तो ऑफिस प्रस्ताव आणि नगरसेवकाने सूचक म्हणून मांडलेला तो सदस्य ठराव. दोहोंतील फरक नागरिकांनी पक्का समजून घ्यावा. ऑफिस प्रस्तावामागे विभागाचा अभिप्राय, एस्टिमेट आणि निधीची खात्री असते. सदस्य ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत होऊनही निधीअभावी वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. आपले गटार ऑफिस प्रस्ताव म्हणूनच पुढे यावे, असा आग्रह धरावा.

कायद्याच्या परिशिष्टातील कामकाजाच्या नियमांनुसार महासभेची निदान एक साधारण सभा दर महिन्याला २० तारखेपूर्वी व्हावयास हवी आणि तिची नोटीस सर्वसाधारणपणे पूर्ण सात दिवस आधी निघावयास हवी. स्थायी समितीची बैठक आठवड्यातून एकदा अपेक्षित आहे. महासभा सर्वांसाठी खुली असते. उपस्थित सदस्यांनी बहुमताने ठरवले तरच ती बंद दाराआड होते. मुख्य इमारतीतील छत्रपती ताराराणी सभागृहात प्रेक्षक म्हणून बसायचे असेल, तर नगरसचिव कार्यालयात आधी विचारणा करावी. प्रेक्षकाला बोलता येत नाही, घोषणाही देता येत नाहीत. एक-दोन सभा शांतपणे ऐकल्या की नगरसेवकांच्या आवाजाची पट्टी आणि विषयाचे भवितव्य यांचा फारसा संबंध नसतो, हे आपोआप कळते.

विषयावर चार-पाच प्रकारचे शेरे पडू शकतात. 'मंजूर' हा उघड आहे. 'उपसूचनेसह मंजूर' असेल तर उपसूचना शब्दशः वाचावी, कारण काम आपल्या कॉलनीऐवजी शेजारच्या गल्लीत सरकवणारे वाक्य तेथेच असते. 'पुढील मीटिंग' म्हणजे लांबणीवर. 'दफ्तरी दाखल' म्हणजे विषय संपला, परंतु नव्या प्रस्तावाने तो परत आणता येतो. सभा 'तहकूब' झाली तर विषय रद्द होत नाही, तो तहकूब सभेत पुढे येतो. विषयपत्रिकेवर नसलेले ऐनवेळचे विषय हा वेगळा प्रकार असून, नागरिकांच्या दृष्टीने तो सर्वांत चिंतेचा आहे. ज्या विषयावर हरकत घ्यायची तोच आधी कळलेला नसतो. अशा सभेनंतर इतिवृत्त कायम होईपर्यंत थांबू नये. लगेच ठरावाची प्रत मागावी.

मोठ्या विषयांत ठरावासोबत जोडलेला करारही वाचावा लागतो, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. सुमारे ५० किलोमीटरच्या रस्ते प्रकल्पाचा त्रिपक्षीय करार झाला, तेव्हा त्यातील टोलची कलमे शहरात फार थोड्यांनी वाचली होती. नाके उभे राहिल्यावर मात्र शहर रस्त्यावर आले आणि वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतरच तो टोल गेला. आंदोलन यशस्वी झाले खरे, पण त्याची किंमत करारावरील सह्यांपूर्वी घेतलेल्या चार हरकतींपेक्षा कितीतरी अधिक होती.

इतर समित्या, थोडक्यात

परिवहन समिती केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेचा, कारभार पाहते. तिच्यावर बारा सदस्य असतात आणि स्थायी समितीचे सभापती पदसिद्ध सदस्य म्हणून बसतात. थांबा हलवणे, नवा मार्ग किंवा फेरी यांचे अर्ज परिवहन व्यवस्थापकांकडे द्यावेत. अर्जासोबत कोणत्या वेळी किती प्रवासी उभे राहतात, याची आठवडाभराची नोंद जोडली तर तो वेगळा उठून दिसतो.

प्राथमिक शिक्षणाचा कारभार पूर्वी शिक्षण मंडळाकडे होता, आता तो प्राथमिक शिक्षण समितीकडे आहे. १९१७ मध्ये राजर्षी शाहूंनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढलेल्या या शहरात महापालिकेच्या शाळांचे दोन टोकांचे चित्र दिसते. जरग विद्यामंदिरात प्रवेशासाठी पालक रांगा लावतात आणि दुसरीकडे पटसंख्येअभावी वर्ग एकत्र करावे लागतात. शाळेसंबंधीचा अर्ज समितीकडे नेण्याआधी तो त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीतून ठराव करून न्यावा. शिक्षणहक्क कायद्याने त्या समितीत पालकांना बहुमत दिले आहे.

महिला व बालकल्याण समितीकडे प्रशिक्षण, शिलाई यंत्रे, अंगणवाड्यांची साधने असे विषय येतात. दिव्यांगांसाठी अंदाजपत्रकातील ५ टक्के निधी राखून ठेवण्याचे शासनाचे आदेश आहेत. त्याची यादी समाजकल्याणाशी संबंधित विभागाकडे मागता येते.

वृक्ष प्राधिकरण ही निराळ्या कायद्याखालील संस्था. १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. आपल्या गटाराच्या मार्गात जुना वड येत असेल, तर एस्टिमेट करतानाच मार्ग वळवून घ्यावा. नंतर परवानगीच्या नोटिशीवर शेजारच्याच गल्लीतून हरकत येते आणि तिचे म्हणणे बरोबर असते.

महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीतील फेरीवाल्यांचा विषय महासभेत कितीही गाजला, तरी २०१४ च्या केंद्रीय कायद्यानुसार क्षेत्र ठरवण्याचे काम शहर फेरीवाला समितीतून जाते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडून आलेले असावे लागतात.

ठरावानंतरचा पाठलाग

ठराव झाला की बहुतेक मंडळी पेढे वाटतात आणि येथूनच पुढचे खरे काम सुरू होते. ठराव क्रमांक व दिनांक लिहून घ्यावा. त्यानंतर निविदा निघाली का, किती जणांनी भरली, अंदाजित दरापेक्षा किती कमी दराने गेली, आणि वर्क ऑर्डर कोणत्या तारखेची आहे, हे चार प्रश्न महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने विचारत राहावे. फारच कमी दराची निविदा ऐकून काळजी वाटली, तर ती रास्त असते. तो फरक कोठेतरी सिमेंटमधून किंवा सळीतून भरून निघण्याचा धोका असतो. एकच काम तीन तुकड्यांत विभागलेले दिसले, तर त्याचे कारण लेखी विचारावे. मोठ्या रकमेची मंजुरी टाळण्यासाठी तुकडे पाडण्याची पद्धत सर्वज्ञात आहे.

काम सुरू असताना कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक जागेवर हवा. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी कोणीतरी तेथे थांबावे. झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते आणि बिल तिच्यावरून निघते. तिची प्रत मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. दोषदायित्व कालावधी किती आहे हे कार्यादेशात लिहिलेले असते. त्या काळात झाकण खचले किंवा भिंत तडकली, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. याची आठवण मात्र नागरिकांनीच करून द्यावी लागते.

अडले तर

पहिला उपाय लोकशाही दिन. तो महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी होतो. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी दोन प्रतींत द्यावा लागतो आणि पूर्वीच्या अर्जाची शिक्क्याची प्रत सोबत असेल तर उत्तर ठोस मिळते. न्यायप्रविष्ट विषय तेथे घेतले जात नाहीत.

दुसरा उपाय माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपये शुल्क लागते. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'काम का झाले नाही' असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून देता येईल असा कागद कार्यालयात नसतो. त्याऐवजी 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीच्या सर्व पृष्ठांच्या प्रती', 'या कामाच्या एस्टिमेटची प्रत', 'ठराव क्रमांक अमुकची प्रमाणित प्रत' असे मागावे. उत्तरासाठी ३० दिवस असतात. ते न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यापुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. याखेरीज २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय आहे. अर्जाआधी फाइल स्वतः चाळून आलेला माणूस नेमके पान मागतो आणि त्याला टाळणे अवघड जाते.

महासभेचा एखादा ठरावच कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध आहे असे वाटले, तर अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन तो निलंबित आणि पुढे विखंडित, म्हणजे रद्द, करू शकते. त्यासाठी नागरिकांनी आयुक्त आणि नगरविकास विभाग या दोघांनाही लेखी निवेदन द्यावे. उलट बाजूने, आपत्कालीन परिस्थितीत कलम ६७ (३) (क) नुसार आयुक्त समितीच्या मंजुरीची वाट न पाहता काम हाती घेऊ शकतात आणि नंतर कारणांसह कळवतात. महापुरात खचलेल्या नाल्याच्या भिंतीसाठी ही तरतूद उपयोगी पडते, तीनशे फुटांच्या नव्या गटारासाठी नाही. न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे आणि त्यासाठी आता मुंबईची वारी उरलेली नाही.

शेवटी फाइलीविषयी. आवक क्रमांकाची प्रत, मंजूर ले-आउट, संमतीपत्रे, एस्टिमेट, ठराव, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि पावसाळ्यातील छायाचित्रे एकाच फाइलीत, तारखांच्या क्रमाने असावीत आणि ती कॉलनीच्या कार्यालयात ठेवावी, सचिवांच्या घरी नव्हे. कार्यकारिणी बदलली की नव्या सचिवांना ती मोजून, पानांचे क्रमांक घालून, सही घेऊन द्यावी. दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख पहिल्याच पानावर लाल शाईने लिहावी आणि त्या तारखेच्या दोन महिने आधी, शक्यतो एखाद्या मोठ्या पावसानंतर, सर्वांनी मिळून गटार एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून यावे.